विसाव्याच्या पुढची वाट: प्रभूवर भार टाकायला शिकताना

नव्यानं विश्वासात आलेल्या माणसाचे पहिले काही महिने बहुधा फार गोड जातात. प्रार्थनेला बसलं की डोळे भरून येतात, रविवारच्या उपासनेतलं गीत आठवडाभर ओठांवर राहतं, मंडळीतली माणसं नावानिशी विचारपूस करतात. मनावरचं जुनं ओझं उतरल्यासारखं वाटतं. हा विसावा खरा आहे आणि तो प्रभूनंच दिलेला आहे. मत्तयाच्या अकराव्या अध्यायातलं त्याचं आमंत्रण, कष्टी आणि भाराक्रांत जनांनी माझ्याकडे यावं, हे वचन कितीतरी ख्रिस्ती घरांच्या भिंतीवर लावलेलं असतं. त्याच्या लगेच पुढच्या ओळीत मात्र प्रभू आपलं जू खांद्यावर घ्यायला सांगतो. ती ओळ भिंतीवर क्वचितच दिसते. विसावा आणि जू ही दोन्ही वाक्यं एकाच बोलण्यातली आहेत.

मग एखाद्या महिन्यात गोडी ओसरते. प्रार्थनेत मन लागत नाही, वचन वाचलं तरी आत काही हलत नाही, आणि नेमकं त्याच वेळी घरात आजारपण येतं किंवा नोकरीचं काही बिनसतं. अशा वेळी बरेच जण पहिली भावना परत मिळवायच्या मागे लागतात. आणखी मोठी सभा, आणखी जोरात गाणं, आणखी नवा प्रचारक. काही जण गुपचूप मागे सरतात आणि फक्त नाताळ-ईस्टरला दिसू लागतात. हा लेख या दोघांसाठी आहे, आणि ज्यांना ही अवस्था अजून आलेली नाही त्यांच्यासाठीही, कारण ती येणार आहे. १३१वं स्तोत्र फक्त तीन ओव्यांचं आहे. त्यात दूध तोडलेल्या मुलाचं चित्र आहे. दूध पिणारं मूल आईजवळ जातं ते दुधासाठी. दूध तुटलं की ते काही दिवस रडतं, हट्ट करतं, आणि मग आईच्या मांडीवर नुसतं शांत बसायला शिकतं. आता त्याला आई हवी असते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका बदलासाठी आहेत.

आधी एक खरं उदाहरण

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज गावी झाला. तोवर त्यांनी काय काय सोसलं होतं ते आठवून पाहा. आईवडील दुष्काळात उपासमारीनं गेले, १८८०मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, आणि लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत पती बिपिनबिहारी मेधावी गेले. पदरात लहानगी मनोरमा. अशा बाईला ख्रिस्ताच्या शिकवणुकीत आधार मिळाला यात नवल नाही. त्या विदुषी होत्या, धर्मतत्त्वांचा अभ्यास त्यांनी कसून केला होता. तरी पुढे आपल्या साक्षीत त्यांनी सांगितलं, की ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळालेला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्या लक्षात आलं.

आठ वर्षं. नव्या विश्वासणाऱ्यानं हा आकडा मनात ठेवावा. रमाबाईंसारख्या बाईला इतका वेळ लागला, तर आपल्याला सहा महिन्यांत सगळं का साधत नाही म्हणून खचायचं कारण नाही.

त्यानंतरचं त्यांचं आयुष्य जास्त अवघड झालं. १८८९ साली मुंबईत सुरू केलेलं आणि पुढच्याच वर्षी पुण्याला नेलेलं शारदासदन, विधवा आणि मुलींसाठीची निवासी शाळा, १८९३मध्ये धर्मांतराच्या वादात सापडलं, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या, जवळचे हितचिंतक दुरावले. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. ठरलेली अमेरिकन मदत दहा वर्षांची होती आणि ती मुदत संपत आली होती. केडगावचं ‘मुक्ती’ हे निराधार बायका-मुलींचं आश्रयस्थान उभं राहिलं ते या अशा दिवसांत. सुखाचा आधार एकेक करून निघत गेला आणि भरवसा वाढत गेला, असा हा क्रम आहे.

पहिली पायरी: आपण कशाला टेकून बसलो आहोत ते लिहून काढा

एक साधी वही घ्या. मोबाइलमध्ये नको, कारण तिथे दुसरं काहीतरी उघडलं जातंच. वहीत एका प्रश्नाचं उत्तर लिहा: कोणती गोष्ट गेली तर देव आपल्यावर रागावला आहे असं मला वाटेल? उत्तरं प्रामाणिक असू द्यात. नोकरी. मुलाची तब्येत. बँकेतली ठेव. मंडळीतलं माझं नाव. प्रार्थनेत येणारं समाधान. पाळकसाहेबांचं माझ्याबद्दलचं चांगलं मत.

या गोष्टी वाईट नाहीत आणि त्या सोडून द्यायच्या नाहीत. नोकरीची काळजी असणं पाप नाही. फक्त आपला भार खरोखर कुठे आहे हे दिसलं पाहिजे, कारण जे दिसत नाही ते प्रभूपुढे ठेवता येत नाही. यादी झाली की प्रत्येक ओळीपुढे एकच वाक्य म्हणा: ‘प्रभू, याची भीती मला वाटते.’ एवढीच प्रार्थना. त्यात ‘पण मी विश्वास ठेवतो’ असं घाईनं जोडू नका. मार्कच्या नवव्या अध्यायातला बाप आजारी मुलाला घेऊन आला तेव्हा आपला विश्वास आणि आपला अविश्वास दोन्ही एकाच वाक्यात बोलला. येशूनं त्याला परत पाठवलं नाही, मुलाला बरं केलं.

दुसरी पायरी: प्रार्थनेची वेळ ठरवा आणि भावनेचा हिशेब सोडा

रोज पंधरा मिनिटं पुरेशी आहेत. सकाळी पाण्याची वेळ, डबे, लोकल यातून जमत नसेल तर रात्री. वेळ आणि जागा एकच असावी. पहिली पाच मिनिटं शुभवर्तमानातला छोटा उतारा सावकाश वाचा, मार्कपासून सुरुवात केली तर बरं. पुढची पाच मिनिटं जे मनात आहे ते बोला. शेवटची पाच मिनिटं काहीही न बोलता बसा. ही शेवटची पाच मिनिटं सगळ्यात कठीण जातात. मन भाजीवर जाईल, हप्त्यावर जाईल. त्याला रागावू नका, येशूचं नाव घ्या आणि परत या.

उठल्यावर ‘आज छान वाटलं का’ हे विचारायचं नाही. वहीत फक्त तारीख लिहा. महिनाभर तेवढंच. बसलो की नाही हे आपल्या हातात आहे, काय वाटलं हे नाही. विश्वास भावनेपासून सुटा व्हायला लागतो तो इथे.

तिसरी पायरी: तक्रार करायला शिका

या पायरीवर मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण आपल्या मंडळ्यांत ती फार क्वचित शिकवली जाते. कौटुंबिक प्रार्थना असो की घरोघरची प्रार्थनासभा, आपण उपकारस्मरणानं सुरुवात करतो, मागणी मांडतो आणि आमेन म्हणतो. ज्याच्या घरात नुकतंच कोणी गेलं आहे तोही ‘प्रभू, तू चांगला आहेस’ म्हणून बसतो आणि घरी जाऊन उशीत रडतो. त्याला वाटतं, रडणं म्हणजे अविश्वास. मग हळूहळू तो देवाशी फक्त सभ्य बोलू लागतो. आणि जिथे फक्त सभ्य बोलणं उरतं तिथे नातं वाढत नाही.

स्तोत्रसंहितेतली दीडशेपैकी जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. ही इस्राएल लोकांची भर मंदिरात गायची गीतं होती. १३वं स्तोत्र घ्या, सहाच ओव्या. पहिल्या दोन ओव्यांत दावीद चार वेळा ‘कोठवर’ असं विचारतो. कोठवर मला विसरणार, कोठवर तोंड लपवणार. पुढच्या दोन ओव्यांत तो मागणं मांडतो: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, नाहीतर मी मरेन. आणि शेवटच्या दोन ओव्यांत भरवशाचा शब्द येतो. मधल्या काळात परिस्थिती बदलल्याचं कुठेही म्हटलेलं नाही. शत्रू तिथेच आहे. बदललं एवढंच, की जे मनात होतं ते देवाच्या तोंडावर बोलून झालं.

आणि ८८वं स्तोत्र तर भरवशाच्या शब्दावरही संपत नाही. ते अंधारातच थांबतं. ज्यांनी पवित्र शास्त्राचं संकलन केलं त्यांनी ते वगळलं नाही, त्याला गोड शेवट जोडला नाही. खुद्द प्रभूनं वधस्तंभावर २२व्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली, तू माझा त्याग का केलास, असं विचारणारी. पुत्रानं पित्याला हा प्रश्न विचारला असेल, तर तो आपल्यालाही विचारता येतो.

मराठी माणसाला देवाशी भांडणं परकंही नाही. जनाबाई विठ्ठलाला खडसावते, नामदेव त्याच्याशी हट्ट धरतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकारामांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं मानत, आणि त्यांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले तेव्हा ती जवळीक, ती लडिवाळ तक्रार बरोबर आणली. आपल्या उपासनेत ती गीतं आपण गातोच, मग आपल्या खासगी प्रार्थनेत ती मोकळीक का नसावी?

करायचं असं. १३वं स्तोत्र तीन दिवस मोठ्यानं वाचा. चौथ्या दिवशी वहीत आपलं स्वतःचं लिहा, चार-पाच वाक्यांत. देवाला नावानं हाक मारा. काय दुखतं ते नेमकं लिहा, ‘माझ्या अडचणी’ असं नको, ‘भावानं सात-बारावरून माझं नाव काढलं आणि आई गप्प बसली’ असं. काय हवं ते मागा. शेवटी भरवशाचं वाक्य मनापासून येत असेल तर लिहा, येत नसेल तर जागा कोरी सोडा. ती काही महिन्यांनी भरली जाते, असं मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे. काहींची कोरीच राहते, आणि तेही प्रभूजवळच असतात.

एक सूचना. विलाप आणि कुरकुर यांत फरक आहे. रानात इस्राएल लोक देवाविषयी एकमेकांत कुरकुरले. विलाप करणारा देवाकडे तोंड करून बोलतो.

चौथी पायरी: एका वेळी एक छोटं आज्ञापालन

भरवसा वाचून येत नाही, तो पाऊल टाकल्यावर येतो. पण पाऊल छोटं असावं. निर्गमच्या सोळाव्या अध्यायात देव रानात इस्राएल लोकांना मान्ना नावाचं अन्न देतो. तो मान्ना रोजच्या रोज गोळा करायचा होता. उद्यासाठी साठवला त्यात किडे पडले. फक्त सहाव्या दिवशी, शब्बाथासाठी, दुप्पट घ्यायची मुभा होती. देवानं चाळीस वर्षांचा पुरवठा एकदम दिला असता तर त्या लोकांना रोज सकाळी तंबूबाहेर येऊन पाहावं लागलं नसतं. प्रभूच्या प्रार्थनेतली रोजच्या भाकरीची मागणीही तेच शिकवते.

महिन्यासाठी एकच गोष्ट निवडा. समजा पैशाची. पगार झाला की ठरावीक रक्कम बाजूला काढा आणि कोणाला न सांगता एखाद्या गरजूला द्या. ती उधारीतून नको, मुलांच्या फीमधून नको. तुमच्या हौसेतून किंवा तुमच्या ‘असू दे हाताशी’ या भीतीतून निघालेली असावी. किंवा खरेपणाची: प्रवासखर्चाचं बिल जेवढं झालं तेवढंच लावायचं, सगळे वाढवून लावत असले तरी. किंवा क्षमेची: ज्या नातेवाइकाशी बोलणं बंद आहे त्याला सणाच्या दिवशी फोन. क्षमा म्हणजे जमिनीतला हक्क सोडणं नव्हे, कागदपत्रांचं काम चालू राहू शकतं. मनातला सूड सोडायचा आहे. किंवा वेळेची: रविवारी उपासनेनंतर सरळ घरी न जाता सरकारी दवाखान्यात असलेल्या कोणाला तरी भेटायला जाणं.

फळ लगेच शोधू नका. दिलेले पैसे दुपटीनं परत येतील असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दुष्काळात एलीया संदेष्ट्याला जेवू घालणाऱ्या सारफथच्या विधवेचं पीठ संपलं नाही, पण तिची कोठीही कधी भरली नाही. रोज मडक्यात त्या दिवसापुरतं असायचं.

टिळकांचा बाप्तिस्मा १८९५मध्ये झाला आणि मिशनचं वेतन सोडून संन्यस्त वृत्तीनं ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्ताच्या अनुयायांचा बंधुसंघ उभा करायला ते निघाले १९१७मध्ये. मधे बावीस वर्षं होती. मोठ्या पावलाची स्वप्नं पाहणाऱ्या तरुणांनी ती मधली बावीस वर्षं पाहावीत.

पाचवी पायरी: भरवसा आणि देवाची परीक्षा यांतला फरक ओळखा

सैतानानं येशूला मंदिराच्या शिरोभागी नेऊन उडी मार म्हटलं, आणि सोबत स्तोत्रातलं वचनही ऐकवलं. येशूनं नकार दिला. धाडस आणि वचन दोन्ही असूनही ती गोष्ट चुकीची असू शकते, हे या प्रसंगातून पक्कं होतं. नवा, उत्साही विश्वासणारा इथेच सगळ्यात जास्त अडखळतो, आणि त्याला अडखळवणारेही भेटतात.

म्हणून स्पष्ट सांगतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका. मधुमेह, रक्तदाब, क्षयरोग, मनोविकार, कशाचंही नाही. लूक स्वतः वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर पौलानं त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. प्रार्थनेनं बरं वाटलं तर प्रभूचे आभार माना आणि तपासणी करून घ्या, तपासणीत खोट नाही. कर्ज काढून दान देऊ नका. घरच्यांशी न बोलता नोकरी सोडू नका. तुमच्या ‘विश्वासाच्या पावलाची’ किंमत तुमची बायको, मुलं किंवा म्हातारे आईवडील मोजत असतील तर ते पाऊल तुमचं नाही.

आणि घरात मारहाण होत असेल तर ‘सहन कर, प्रभूवर विश्वास ठेव’ हा सल्ला ऐकू नका, तो कोणीही दिला तरी. दावीदाला देवानं अभिषेक केला होता, तरी शौलानं भाला फेकल्यावर तो तिथे बसून राहिला नाही, पळून गेला. १८१ ही महिलांसाठीची मदत वाहिनी आहे. त्या नंबरला फोन करणंही भरवशाचंच काम आहे.

रमाबाईंकडे पुन्हा पाहा. देव पुरवील या भरवशावर त्यांनी मुलींना आसरा दिला, आणि त्याच हातांनी केडगावला शेती घेतली, फळझाडं लावली, विहिरी खणून घेतल्या, छापखाना चालवला, मुलींना विणकामासारखे उद्योग शिकवले. गुडघ्यांवर बसणं आणि विहीर खणणं यांत त्यांना विरोध दिसला नाही. मला स्वतःला त्यांच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यात जास्त शिकवून जातो.

ज्यांनी अजून बाप्तिस्मा घेतलेला नाही त्यांनीही किंमत मोजून पाहावी. बुरूज बांधणाऱ्यानं आधी बसून खर्चाचा हिशेब करावा असं लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभूच सांगतो. घरातली माणसं दुखावतील. टिळकांचा बाप्तिस्मा झाल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आणि ते काही वर्षं एकमेकांपासून दूर राहिले आणि दोघांनीही ते दुःख भोगलं, पुढे लक्ष्मीबाई स्वतःच्या खात्रीनं आल्या. घरच्यांशी वाद घालून त्यांना जिंकता येत नाही, त्यांच्या देवाची टिंगल करून तर मुळीच नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्यापुरताच आहे, तेव्हा त्या समाजातून येणाऱ्याला सवलतींचा प्रश्नही समोर येतो. हे सगळं आधी कळलेलं बरं. पाळकांनी हे लपवू नये आणि येणाऱ्यानं विचारायला संकोचू नये.

सहावी पायरी: मागा, पण उत्तर त्याच्यावर सोडा

दानीएलच्या तिसऱ्या अध्यायात शद्रख, मेशख आणि अबेद्नगो राजाला दोन गोष्टी सांगतात. आमचा देव आम्हांला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे. आणि त्यानं सोडवलं नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. पहिलं वाक्य आपल्या साक्षींमध्ये भरपूर ऐकू येतं. दुसरं वाक्य म्हणायला आयुष्य लागतं.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासानं सिंहांची तोंडं बंद करणारे आहेत, आणि त्याच परिच्छेदात पुढे विश्वासानंच हाल सोसून मेलेलेही आहेत. कोणाचा विश्वास कमी होता असं पत्र म्हणत नाही. पौलानं आपल्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला सतत छळणारं एक दुखणं, काढ म्हणून प्रभूला तीनदा विनवलं आणि तो काढला गेला नाही. म्हणून कोणाच्या मुलीचा आजार बरा झाला नाही तर ‘तुमच्या विश्वासात कमी’ असं बोलणं हे क्रूर आहे आणि शास्त्राला धरूनही नाही. रमाबाईंची एकुलती एक मुलगी, त्यांच्या कामाची वारस मनोरमा, १९२१मध्ये गेली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. शेवटच्या त्या महिन्यांतही हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या आपल्या मराठी बायबलचं काम त्यांनी सोडलं नाही.

सरावासाठी येशूनं अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत केलेली प्रार्थना वापरा. आधी आपल्याला जे हवं ते पूर्ण मागा, आडपडदा न ठेवता, प्रभूनंही प्याला टळावा असं मागितलं होतं. मग थांबा. ‘तुझी इच्छा’ हा शब्द जितक्या खरेपणानं म्हणता येईल तितकाच म्हणा. आज जमत नसेल तर ‘हे म्हणायला मला अजून जमत नाही’ असं म्हणा. प्रभूनंही ती प्रार्थना तीनदा केली.

सातवी पायरी: कोरड्या दिवसांत काय करायचं

जेजुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला हे १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत पाय जायबंदी होऊन अंथरुणाला खिळले होते, आणि तिथे स्वतःच्या मनाच्या हालचाली निरखून त्यांनी पुढे काही नियम मांडले. त्यातला एक नव्या माणसानं पाठ करावा: मन उदास, कोरडं असताना आधी केलेला चांगला निश्चय बदलू नये. मंडळी सोडायची, सेवा थांबवायची, लग्न मोडायचं असे निर्णय त्या दिवसांत घेऊ नयेत. प्रार्थनेची वेळ कमी करायचा मोह होतो, तेव्हा ती थोडी वाढवावी, असंही ते सांगतात.

कोरडेपणा म्हणजे शिक्षा असं समजू नका. मदर तेरेसांची पत्रं २००७मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा कळलं, की कोलकात्यात मरणासन्न माणसांना उचलणाऱ्या त्या बाईला अनेक दशकं प्रार्थनेत अंधारच जाणवत होता. काम थांबलं नाही.

पण शरीराकडेही पाहा. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत बसला तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. उठ, खा, म्हटलं. तो पुन्हा झोपला, पुन्हा उठवून पुन्हा खायला दिलं. झोप आणि भाकरी आधी, देवाच्या डोंगराचा, होरेबचा, प्रवास नंतर. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर तो निव्वळ आत्मिक कोरडेपणा नाही. डॉक्टरकडे जा. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

आठवी पायरी: एक सोबती

हे सगळं एकट्यानं करू नका. आपल्याहून दहा-वीस वर्षं आधी या वाटेला लागलेला, फार न बोलणारा माणूस शोधा. पाळक, फादर, सिस्टर, महिला मंडळातल्या एखाद्या आजी. ज्यांच्या घरी मोठं दुःख येऊन गेलं आहे आणि तरी ज्यांच्या बोलण्यात कडवटपणा नाही, अशा माणसाला प्राधान्य द्या. जो तुमच्याकडे पैसे मागतो, घरच्यांपासून तोडतो किंवा ‘देवानं मला तुमच्याबद्दल सांगितलं आहे’ म्हणून तुमचे निर्णय घेऊ पाहतो, त्याच्यापासून लांब राहा. शक्यतो पुरुषानं पुरुषाकडे आणि बाईनं बाईकडे जावं, आणि भेट चारचौघांच्या नजरेला पडेल अशा ठिकाणी व्हावी.

महिन्यातून एकदा, तासभर. वही बरोबर न्या. सोबत्यानं तीन प्रश्न विचारले तरी पुरे: या महिन्यात प्रार्थनेला बसलात का, निवडलेलं आज्ञापालन कसं गेलं, आणि देवाला जे अजून बोलला नाहीत ते काय आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला काही महिने गेले तरी चालतील.

सुरुवात या आठवड्यापासून करायची असेल तर सोमवारी यादी लिहा. मंगळवार ते गुरुवार १३वं स्तोत्र मोठ्यानं वाचा. शुक्रवारी आपला विलाप लिहा. शनिवारी पुढच्या महिन्याचं एक आज्ञापालन निवडा आणि लिहून ठेवा. रविवारी उपासना संपल्यावर लगेच निघू नका, ज्यांचं नाव मनात आलं आहे त्यांना गाठा आणि त्यांना महिन्यातला कोणता दिवस सोयीचा पडेल ते विचारा.